कामगार-संघटना : कालची गरज की आजचीही?

दिल्लीच्या दक्षिण भागात रामकृष्णपुरम नावाची वसाहत आहे. व्यवहारात सर्वजण तिला 'आर. के. पुरम' असेच म्हणतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी ती स्वातंत्र्यानंतरच्या काळात वसवण्यात आली आणि पुढे तेथे सरकारी कचेऱ्याही उभ्या राहिल्या. या वसाहतीतील एका सकाळी आपण तीन माणसे कल्पूया. पहिला आहे कायम नोकरीतील कारकून, जो आपल्या सरकारी घरातून कचेरीकडे निघाला आहे. दुसरा कचेरीच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी. तो त्याच कचेरीचे रक्षण करतो, परंतु त्याची नेमणूक ठेकेदाराने केलेली आहे. तिसरा आहे दुचाकीवरून घरोघर जिन्नस पोचवणारा तरुण. त्याला काम नेमून देतो तो मोबाइलवरील ॲप, आणि त्याचा मेहनताना कोणी व कसा ठरवला हे त्याला सांगता येणार नाही.

आधुनिक काळात कामगार-संघटनांची गरज उरली आहे काय, हा प्रश्न या तिघांना विचारला तर तीन निराळी उत्तरे मिळतील. कारकून कदाचित म्हणेल की संघटना आहेच, तिच्याकडे विशेष लक्ष देण्याचे कारण पडत नाही. पहारेकरी म्हणेल की संघटनेचे नाव काढले तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. तिसरा तरुण उलट आपल्यालाच विचारील, की संघटना करायची ती कोणाविरुद्ध? या तीन उत्तरांतच आपल्या विषयाचे मर्म साठवलेले आहे.

कारकुनाची निश्चिंतता आपोआप आलेली नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. महागाई भत्ता व वेतन यांच्या प्रश्नावर जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवला आणि पाच दिवसांत तो मोडला. तथापि संप मोडला म्हणून प्रश्न मिटला नाही. कर्मचारी आणि शासन यांनी समोरासमोर बसावे यासाठी १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या बाबींवर मतभेद मिटला नाही तर तो सक्तीच्या लवादाकडे नेण्याची तरतूद तीत करण्यात आली. आज आर. के. पुरममधील कारकुनाला घोषणा द्यावी लागत नाही, कारण त्याच्या वतीने बोलणारे कोणी तरी टेबलापाशी बसलेले असते.

एकटा माणूस आणि त्याचा करार

नोकरी हा दोन स्वतंत्र व्यक्तींनी स्वखुशीने केलेला करार आहे, असे कायदा मानतो. परंतु करार करणाऱ्या दोघांची स्थिती सारखी नसते. व्यापाऱ्याचा माल आज विकला गेला नाही तर तो उद्या विकता येतो. कामगाराचा आजचा दिवस विकला गेला नाही तर तो कायमचा गेला. स्कॉटलंडमधील अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ हा मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता म्हणून ओळखला जातो. त्यानेही १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे मान्य केले होते, की तंटा झाल्यास मालक साठवलेल्या भांडवलावर वर्ष-दोन वर्षे तग धरू शकतो, पण पुष्कळशा कामगारांना कामाशिवाय एक आठवडाही काढता येत नाही.

संघटनेचा उगम या विषमतेत आहे. एक कामगार काम सोडून गेला तर मालकाचे काही अडत नाही. सर्व कामगार एकत्रितपणे बोलू लागले तर मात्र त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. यालाच सामुदायिक वाटाघाट म्हणतात. संप हे त्या वाटाघाटीचे अखेरचे साधन होय. तो तिचा हेतू नव्हे.

मुंबईच्या गिरण्यांतील पहिला धडा

भारतात हा विचार कसा रुजला हे पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. १८५० नंतरच्या दशकांत तेथे सूतगिरण्या व कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोकण व देश या भागांतून आलेला कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापाशी उभा राही. आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती आणि पगाराचा दिवस निश्चित नव्हता. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती असल्याने त्याची मर्जी सांभाळणे हाही नोकरीचाच भाग होता.

महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचे नवल वाटते. रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, यंत्रावर अपघात झाल्यास भरपाई मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यानंतर गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटीची मागणी मान्य केली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून ती अमलात आली. पुढच्या वर्षीच्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व स्वीकारले.

लोखंडे यांच्या संस्थेजवळ वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता आणि आजच्या अर्थाने घटनाही नव्हती. तिच्यापाशी एकच गोष्ट होती. जे हजारो माणसांना स्वतंत्रपणे वाटत होते, ते तिने एका कागदावर आणले. आज रविवारी घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या नोकरदाराला त्याची सुटी निसर्गाने दिली असे वाटते. वस्तुतः ती मागून घेतलेली आहे.

संघटित होण्याला कायद्याचे कवच

सुरुवातीच्या काळात एकत्र येणे हाच अपराध ठरण्याचा धोका होता. मद्रास येथे एप्रिल १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. १९२० मधील तंट्यात गिरणीच्या चालक कंपनीने तिच्या पुढाऱ्यांवर कराराचा भंग करावयास चिथावणी दिल्याबद्दल दावा लावला आणि उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कामगारांना संघटित होण्याचा सल्ला देणारा माणूस नुकसानभरपाईचा देणेकरी ठरू शकतो, हे या प्रकरणाने उघड केले. नारायण मल्हार जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यासंबंधी ठराव मांडला. त्यातून पुढे १९२६ चा कामगार-संघटना कायदा निर्माण झाला. नोंदणी झालेल्या संघटनेच्या कायदेशीर कार्याला फौजदारी व दिवाणी कारवाईपासून त्याने संरक्षण दिले.

दरम्यान ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले होते. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांना दिले. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. संघटना करण्याचा हक्क मूलभूत असला तरी संप करण्याचा हक्क त्यात समाविष्ट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात दिला. २००३ मध्ये तामिळनाडूतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात त्याने हीच भूमिका अधिक कठोर शब्दांत मांडली.

संघटनेचे दोष

संघटनेची बाजू मांडताना तिचे दोष झाकणे योग्य नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगार विटाळाचे कारण पुढे करीत. १९२८ मध्ये सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवला. मालकाकडे न्याय मागणाऱ्यांना आपल्या शेजारच्या यंत्रावरील अन्याय दिसत नव्हता. तीच गोष्ट स्त्रियांची. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. पुढील दशकांत त्यांची संख्या घटत जाऊन त्या अगदी थोड्या उरल्या, आणि ही घट रोखणे संघटनांना साधले नाही.

असे असूनही डॉ. आंबेडकरांनी संघटनेचे तत्त्व टाकून दिले नाही. मुंबई प्रांतिक सरकारने १९३८ मध्ये संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. काम थांबवणे हा गुन्हा ठरवला तर कामगाराला इच्छेविरुद्ध राबवले जाईल, अशी त्यांची भूमिका होती. संघटनेवर टीका करणारा आणि संघटनेच्या हक्कासाठी लढणारा एकच पुरुष असू शकतो, हा यातील बोध होय.

१९८२ चा संप : बोलणार कोण?

संघटनांनी उद्योग बुडवले, या आक्षेपासाठी मुंबईच्या १९८२ च्या संपाचा दाखला नेहमी दिला जातो. म्हणून त्याचा विचार थोडा बारकाईने केला पाहिजे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच 'प्रातिनिधिक संघा'ला कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला. अनेक संघटनांच्या स्पर्धेत उत्पादन अडकू नये, हा त्यामागील हेतू होता आणि तो गैर नव्हता. परंतु प्रातिनिधिक संघ कोणता हे गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासदांच्या नोंदींवरून ठरे. कापड उद्योगात हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कालांतराने अनेक कामगारांचा त्याच्यावर विश्वास उरला नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने तोच त्यांचा आवाज राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच हा कायदा रद्द करावा, ही त्यांची मागणी होती. मालक व शासन यांनी मात्र मान्यताप्राप्त संघाशीच बोलणी होऊ शकतात, असा पवित्रा घेतला. ज्यांच्याशी बोलायला हवे होते त्यांना कायद्याने अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्यामागे कामगार नव्हते. संप औपचारिक रीतीने कधीच मागे घेण्यात आला नाही. तो हळूहळू विरत गेला. लाखाच्या घरात कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कोणी गावी परतले, कोणी फेरीचा धंदा धरला.

या विनाशाचा सगळा भार संपावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. बहुतेक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती व नफ्यातील पुरेसा भाग त्यांच्या नूतनीकरणाकडे वळत नव्हता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग स्वस्त दरात कापड विणत होते, कारण तेथील कामगार बहुतांशी असंघटित होता. शिवाय शहराच्या मध्यभागी असलेल्या गिरण्यांच्या जमिनीला अफाट मोल आले होते. १९९१ च्या विकास नियमावलीने त्या जमिनी विकसित करण्याची वाट खुली केली. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की तडजोडीची वाट न ठेवता ताणलेला लढा कामगारालाच अधिक महागात पडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु या प्रसंगातून 'संघटना नको' असा निष्कर्ष निघत नाही. कामगारांनी स्वतः न निवडलेला प्रतिनिधी त्यांच्यावर लादला, तर वाटाघाटीचे दार बंद होते व केवळ संघर्षाचे उरते, हा त्याचा खरा निष्कर्ष होय.

ज्यांचा मालक एक नसतो

आता दुचाकीवरील तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. मालकच दिसत नसेल तर संघटना कोणाशी बोलणार? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. मुंबईच्या बाजारपेठांत डोक्यावरून व पाठीवरून ओझी वाहणारा माथाडी कामगार दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उतरवी. यांपैकी त्याचा मालक कोण? प्रत्येक व्यापारी दुसऱ्याकडे बोट दाखवी. मजुरी टोळीच्या मुकादमामार्फत मिळे. आजारपण, अपघात व म्हातारपण यांची जबाबदारी कोणाचीच नसे.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी चळवळ केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा कायदा संमत केला. त्याची रचना मोठी कल्पक आहे. कामगार, व्यापारी आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. कामगार व व्यापारी या दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के अधिभार मंडळात भरायचा, आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत इत्यादी द्यायचे. मालक अनेक असले तरी जबाबदारी एकत्र करता येते, हे या कायद्याने सिद्ध केले. माथाडींच्या नावावर खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारीही पुढे आल्या, हे खरे. पण खोटे नाणे निघाले म्हणून खऱ्या नाण्याचे मोल कमी होत नाही.

पुण्यातही असेच घडले. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना तर मालकच नव्हता. त्यांना चोर समजले जाई. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ओळखपत्र आणि कामाला मान्यता या तिच्या पहिल्या मागण्यांपैकी होत्या. याच संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निर्माण झाली आणि तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले.

ॲपवर काम करणारांची स्थिती माथाडींच्या जुन्या स्थितीशी मिळतीजुळती आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२०–२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने गिग व प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या केली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीत द्यावी, अशी तरतूद केली. कल्याणाची सोय ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु एका फेरीचा दर काय असावा आणि ॲपने एखाद्याचे खाते बंद केले तर दाद कोठे मागावी, हे प्रश्न निधीने सुटत नाहीत. त्यांसाठी बोलणारा माणूसच लागतो.

कायदा पुरेसा नाही काय?

किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, कामाचे तास या साऱ्यांचे कायदे झाल्यावर संघटनेचे काम संपले, असे पुष्कळ सुबुद्ध लोक मानतात. या म्हणण्यात तथ्यांश आहे. पण कायदा स्वतःहून कारखान्याच्या दारात येत नाही. त्याचा भंग झाला हे कोणी तरी सांगावे लागते, आणि ज्याने सांगायचे त्याचीच नोकरी धोक्यात असते. आपल्या देशात दहा कामगारांपैकी सुमारे नऊ असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्यातील पुष्कळांना आपल्यासाठी कायदा आहे याची वार्ताही नसते.

बांगलादेशातील एक घटना या दृष्टीने विसरण्याजोगी नाही. ढाक्याजवळील राणा प्लाझा या इमारतीत तयार कपड्यांचे अनेक कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना तडे गेलेले कामगारांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना आत जाण्यास भाग पाडण्यात आले, आणि इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेथील एकाही कारखान्यात कामगार-संघटना नव्हती. इमारतींच्या सुरक्षिततेचे नियम बांगलादेशातही होतेच. आत जायला नकार देणाऱ्या एकट्या बाईचा पगार कापता आला असता. सर्वांनी मिळून दिलेला नकार ऐकावा लागला असता. एवढ्या एका फरकावर त्या दिवशी शेकडो जीव अवलंबून होते.

आजची कसोटी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला. या संहितेनुसार हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीसाठी एकमेव मानली जाते; तशी कोणी नसल्यास वाटाघाट परिषद नेमली जाते. संपापूर्वी १४ दिवसांची सूचना देणे सर्व औद्योगिक आस्थापनांत आवश्यक झाले. कामगारकपात वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे; आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. उद्योगवाढीला यामुळे चालना मिळेल, असे शासनाचे म्हणणे. संघटित होण्याची व संपाची ताकद यामुळे क्षीण होईल, असे अनेक केंद्रीय संघटनांचे म्हणणे. वाचकाने दोन्ही बाजू तपासून पाहाव्यात.

त्या तपासणीसाठी आतापर्यंतच्या विवेचनातून चार कसोट्या हाती येतात. संघटनेचा प्रतिनिधी कामगारांनी निर्भयपणे निवडलेला आहे काय? सर्वांत दुर्बल सभासदाचा, मग तो जातीने, लिंगाने वा कंत्राटामुळे दुर्बल असो, प्रश्न ती स्वतःचा मानते काय? लढताना तडजोडीचे दार ती उघडे ठेवते काय? आणि तिच्याशी बोलण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर तरी निश्चितपणे टाकली आहे काय? या कसोट्यांना न उतरणारी संघटना सुधारली पाहिजे. परंतु एखादे न्यायालय सदोष आहे म्हणून न्यायदानाची गरज संपली असे आपण म्हणत नाही.

आर. के. पुरममधील त्या सकाळकडे पुन्हा पाहू. कारकून, पहारेकरी आणि दुचाकीवरील तरुण एकाच फाटकातून जातात. यांपैकी एकालाच आपले गाऱ्हाणे मांडण्याची जागा आहे, आणि म्हणूनच त्याला संघटनेची निकड भासत नाही. तिची गरज कोणाला आहे, हे उरलेल्या दोघांकडे पाहून ठरवावे. १८८४ मध्ये परळच्या सभेत जमलेल्या कामगारांनाही आपण काही विलक्षण करीत आहोत असे वाटले नसावे. आपल्याला एक दिवस विसावा हवा आणि तो एकट्याने मागता येत नाही, एवढेच त्यांना कळले होते. जोवर एकट्याने मागता न येणारी एखादी रास्त गोष्ट कामाच्या ठिकाणी शिल्लक आहे, तोवर एकत्र येऊन ती मागण्याची गरजही शिल्लक राहील.